उंबऱ्याच्या आतली टिक

एकशे पंचवीस.

दारालगतच्या छोट्या पडद्यावर हा आकडा उमटला, तेव्हा दारात कोणीच नव्हतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आकड्याशेजारी नाव होतं...

वान्झा.

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी. न्दिंदानेही कित्येक महिने ती मानली नव्हती. न्दिंदा केनियातल्या मचाकोसच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. आजही चार वाजले की ती घराचं दार सताड उघडं ठेवते. का, ते सांगत नाही.

तो फेब्रुवारीतला रविवार होता. रखरखीत ऊन.

यंत्र तिच्या नवऱ्याने, मुएमाने बनवलं होतं. तो सॉफ्टवेअरवाला. पोटासाठी नैरोबीच्या एका कंपनीचं काम घरून करायचा आणि हौसेसाठी असल्या खटपटी. कुणालाही घरी करता याव्यात म्हणून त्या आपल्या वेबसाइटवर सविस्तर लिहायचा. चौकटीवर दोन सेन्सर, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. डोक्यावर आपटून परतलेल्या आवाजावरून उंची कळते, उंचीवरून माणूस. दर नोंदीला 'टिक' असा आवाज. आधी बाहेरची टिक, मग आतली, म्हणजे माणूस घरात आलं. उलट झालं तर गेलं.

मुएमाची आई ते बघून म्हणाली होती, "कोण आलं ते कळतं. रिकाम्या हाताने आलं, ते नाही का कळत?"

मुलं वाढतात, त्याने लिहिलं होतं, म्हणून आकडा कायमचा ठरवू नका, यंत्राला रोज थोडं शिकू द्या. त्याखाली कितुईच्या एका बाईने विचारलं होतं, लेसोच्या कापडात पाठीला बांधलेलं बाळ मोजलंच जात नाही, काय करू? मुएमाचं उत्तर अजून तिथे आहे. चूक माहीत आहे, सवडीने दुरुस्त करतो.

ती सवड झालीच नाही.

वान्झा त्यांची एकुलती एक मुलगी. सात वर्षांची. त्या रविवारच्या सव्वा वर्ष आधी, नोव्हेंबरात, तिला ताप आला आणि न्दिंदाला शाळेत परीक्षेवर जावंच लागलं. वान्झाला अंगणात पळायची खोड. निघताना न्दिंदाने बजावलं, "मी येऊन सांगेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. ऐकलंस?"

वान्झाने मान डोलावली.

दुपारी ताप डोक्यात गेला. मुएमाने तिला लेसोत गुंडाळलं, दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि गाडीकडे धावला. न्दिंदा थेट दवाखान्यात पोहोचली...

उशिरा पोहोचली.

तोवर गल्लीत तिला सगळे 'वान्झाची आई' म्हणत. आता जो तो चाचरत 'बाई' म्हणू लागला. मुएमासुद्धा तिला नुसत्या नावाने हाक मारू लागला.

दहाव्या दिवशी, चार वाजून दहाला, टिक झाली.

एकच...

आतल्या सेन्सरची. पडद्यावर एकशे अठरा आणि वान्झाचं नाव. बाहेरची टिक झालीच नाही.

कोणीतरी आतून दारापर्यंत आलं होतं. आणि तिथेच थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

मुएमा म्हणाला, पत्रा तापला की हवा तापते, आवाजाचा वेग बदलतो. न्दिंदाने चौकटीला थर्मामीटर टांगला. पाली हाकलल्या, दाराचा कापडी पडदा काढला, नवा सेन्सर बसवून घेतला. एक काठी मापून घेतली आणि दारात उभी धरली. अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक आला नाही.

यंत्र बरोबर होतं.

मग तिने वहीत आलेख काढला. उष्णतेने आकडा वरखाली व्हायला हवा. हा नुसता वर जात होता. एकशे एकोणीस... एकशे एकवीस... सावकाश, सरळ चढणारी रेघ. दवाखान्यातल्या तक्त्यावर असते तशी.

वान्झा वाढत होती.

त्यानंतर न्दिंदा रोज चारला उजीचा, गरम पातळ पेजेचा, पेला भरून दारापाशी बसू लागली. पेला निवून जायचा. मुएमाने नैरोबीत घर पाहिलं. चौकटीकडे बघून तो विचारायचा, "एकच वायर आहे, न्दिंदा. ओढू?"

ती म्हणायची, "उद्या."

असे पंधरा महिने गेले.

त्या रविवारी सामान बांधून झालं होतं, तरी येते असं तिने अजून म्हटलं नव्हतं. एकशे पंचवीस उमटल्यावर तिने पहिल्यांदाच धीर करून त्या नोव्हेंबरातल्या नोंदी उघडल्या.

चार वाजून दहा. मुएमा, एकशे चौऱ्याहत्तर, बाहेर.

बस, एवढंच...

वान्झाच्या नावाची तिच्या हयातीतली शेवटची ओळ दोन दिवस आधीची, शाळेतून आल्याची होती. आत.

"हातांवर आडवी होती ना," मुएमा मागून हळूच म्हणाला. "यंत्राला दिसलीच नाही. त्याच्या लेखी ती अजून घरातच आहे. माझी चूक. दुरुस्त करायची राहिली."

"तुझी चूक यंत्रापुरती," न्दिंदा म्हणाली. "तिला मी काय सांगून गेले होते?"

तिने उंबऱ्याकडे पाहिलं.

"मी येऊन सांगेपर्यंत, म्हणाले होते. आणि मी येऊन सांगितलंच नाही रे."

आतली टिक होऊन दोन मिनिटं झाली होती. बाहेरची...

अजून नाही.

मुएमाने कितीतरी महिन्यांनी तिला तशी हाक मारली. "वान्झाच्या आई..."

न्दिंदा उठली. उंबरा ओलांडून बाहेर उन्हात गेली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. मग ती वाकली. एकशे पंचवीस सेंटीमीटरच्या मुलीच्या डोळ्यांना डोळे भिडतील, इतकीच.

"मी आले, वान्झा," ती म्हणाली. "खूप उशीर केला मी. आता ये बाहेर... आणि जा, बाळा."