भरमूच्या दारातला दिवा

अंगणात आपोआप लागणारा दिवा बसवायचा म्हणता? बसवा की, पर मी मेल्यावर. मी जिता हाय तवर ह्या घरात बटण दाबूनच दिवा लागंल. हसू नगा रं. अनगोळच्या रवळू वायरमनचं काय झालं ते आधी ऐका, मग हसा. माझ्या ताटाला ताट लावून जेवलेला माणूस, मला खोटं सांगायचं त्याला काय कारण न्हाय.

चार वर्सं झाली. चौऱ्याऐंशी साल, मार्गशीर्षातली अमावास्या, शनिवार. रवळू सकाळच्या यष्टीनं बोरगावला निघाला. पिशवीत पकड, स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर आन काळी टेप. काम म्हटलं तर किरकोळच. धाकट्या भनीनं, अंबूनं, निरोप धाडलता. दारातला दिवा रोज राती एक वाजून धा मिनिटांनी विझतोय, पान खाऊन हुईस्तवर अंधार, मग आपसूक लागतोय. अण्णा, येऊन बघ.

तो दिवा श्रावणात रवळूनंच बसवलता. अंबूचा नवरा भरमू इचलकरंजीला मागावर कामाला, दुसरी पाळी. पाळी सुटली की सायकल हाणत मध्यरातीनंतर घरी यायचा. घर मळ्यात, आन वाट दाराकडं वळती तिथंच बिनकठड्याची हीर. मेव्हण्याला वळण दिसावं म्हणून रवळूनं डोकं चालवलं. दाराजवळच्या खांबाला बल्ब लावला, आन बल्बखाली काचेचा एक बारका डोळा. डोळ्याला अंधार दिसला की दिवा लागणार, उजेड दिसला की विझणार. पोस्टानं रेडिओचा कोर्स केलेला गडी, हौस लई. आपली करामत येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरंत भरावी म्हणून त्यानं डोळ्याचं तोंड रस्त्याकडं केलं.

त्याच राती भरमू सायकलीसकट हिरीत पडून मेला.

लोक धावले तवा दिवा लख्ख जळत होता. म्हणून दिव्याला कुणी बोल लावला न्हाय. अंबू तेवढी म्हणाली, मधीच विझलता की. करंट गेला असंल, म्हणाले लोक. रवळूला मात्र हिरीच्या काठावर उभ्या उभ्या उमगलं. भरमूच्या सायकलीला डायनामोचा दिवा होता. वळणावर त्याचा उजेड सरळ डोळ्यावर पडला आन डोळ्याला वाटलं, उजाडलं. ज्या दिव्याच्या धोरणानं भरमू वळत होता, तोच दिवा त्याच्या सायकलीच्या उजेडानं विझवला. हे रवळूनं कुणाला सांगितलं न्हाय, अगदी बायकोलाबी न्हाय. त्या खांबाकडं परत बघायची त्याची छाती झाली न्हाय.

आता मात्र भनीनं बोलावलं, मग जाणं भाग. दिवसा त्यानं सगळं तपासलं. वायरी आवळल्या, बल्ब बदलला. अंबू पाण्याला गेली तसा त्यानं डोळाच काढला, काळ्या टेपात गच्च गुंडाळला, पिशवीत टाकला आन पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. दिवा सरळ बटणावर जोडला.

"आता बटण दाबल्याबिगर विझायचा न्हाय बघ," तो म्हणाला.

"विझाय नगं रं अण्णा," अंबू म्हणाली. "त्येंची यायची येळ असती ती. दार अंधारं दिसलं की माघारी फिरत्यात."

"कोण, अंबू?"

"कोण म्हंजे?" ती चिडलीच. "कितीदा माघारी धाडू मी माझ्या माणसाला?"

राती दोघं कट्ट्यावर बसली. थंडी मरणाची. एक वाजला तशी अंबू हळूच म्हणाली, "त्या राती दिवा का रं विझला?"

"करंट गेला असंल."

"शेजारच्या मळ्यात मोटर चालू होती की अण्णा. मला आवाज येत होता."

खरं सांगायची हीच येळ होती. रवळूनं घड्याळ बघितलं.

एक वाजून धा.

लांबून आवाज आला. घर्रर्र... चाकाला घासणारा डायनामो. रस्ता काळा. उजेड न्हाय. नुसता आवाज. वळणाशी आला...

दिवा विझला.

रवळूनं बटण दाबलं. वर. खाली. वर. न्हाय. टेस्टर लावला. टेस्टर पेटला. करंट होता. दिवा न्हवता.

"आलासा?" अंबूनं अंधाराला विचारलं.

...

खांबापाशी कायतरी कुरकुरलं. स्क्रू फिरल्यागत. आन पाणी... टप्... टप्...

"बोला की वो..."

...

रवळूनं टेस्टर मुठीत गच्च धरला. सगळं खरं तोंडात आलतं. त्यानं ते गिळलं.

दिवा लागला.

अंगणात कुणी न्हाय. खांबावर डोळा होता. सगळे स्क्रू आवळून नीट बसवलेला. फक्त रस्त्याकडं पाठ, भिंतीकडं तोंड. पयल्या दिवशीच बसवायला पायजे होता तसा.

अंबूनं डोळ्याकडं बघितलं. मग भावाकडं वळली.

"अण्णा... ह्याचं तोंड आधी रस्त्याकडं होतं न्हवं?"

रवळूनं मान खाली घातली. अंबू आत गेली आन आतनं कडी लावली. भाऊ उजाडंस्तवर भाईर बसून होता, हाक मारायचंबी त्याला धाडस झालं न्हाय. तवापासनं तो दिवा एकदाबी मधी विझला न्हाय, आन भाऊबीजेचं बोलावणंबी कधी आलं न्हाय.

त्या सकाळी यष्टीत त्यानं पिशवी बघितली. गाठ त्याचीच, मारली तशीच. सोडली. आत डोळा न्हवता. नुसती काळी टेप, नीट गुंडाळून ठेवल्याली, हिरीच्या पाण्यानं चिंब.

परवा त्यानं मला ती दाखवली. मी हातात घेऊन बघितली, पोरांनो. चार वर्सं ट्रंकेत हाय. टेप अजून ओली हाय.