कोंडवाड्यातलं आवतन

कंदील थोडा बारीक करा बाप्पा, आणि सरकून जवळ बसा. ज्याच्यावर हे बेतलं तो दुधराम काही परका माणूस नव्हे. सालेकशाच्या अलीकडे टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, त्याचं घर होतं, चार बांध्यांची धानाची शेती होती, आणि घरात बायको रुख्मा. साल एकोणीसशे तीसचं. श्रावण वद्य चतुर्दशी, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस.

त्या दिवशी सांजेला बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद लावायची, पळसाच्या पानानं शेकायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, द्यायचं. रुख्मानं हळद कालवून ठेवली आणि म्हणाली, "जा, बैल घेऊन या. गप्पा हाणत बसू नोका कोणासंगं."

दुधराम निघाला. धानाच्या बांधीत बैल नव्हते. नाल्याकाठी खुरं दिसली ती थेट सरकारी रानात शिरलेली. त्यानं झपाझप पावलं उचलली, कारण त्या साली रानातलं गवत म्हणजे इस्तव, आगच झालं होतं. रान आमचं, गवत आमचं, आम्ही कापणार, असं म्हणत लोक विळे घेऊन निघत. आणि सरकार त्यांना धरून नेई.

बैल कोंडवाड्यातच सापडले. दगडी भिंती, अर्ध्यावर टिनाचं छप्पर, एकच लाकडी गजांचं फाटक. फाटकात जंगलखात्याचा नाकेदार बसला होता.

"बांड्या अन् कैऱ्या माहे हायेत, साहेब. उद्या पोळा हाये."

"अन् सरकारी गवत कोणाचं हाये?"

"मुकं जनावर, गेलं असन."

"तू तं मुका नाईस ना? सकाळी कागद येते. त्याच्यावर अंगठा दे. त्यात लिवलं असन, मास्तरच्या शिकवणीनं बैल सोडले, मास्तरानंच गाव बिघडवलं, मले माफी करा. अंगठा दे अन् बैल घेऊन जा."

"अन् नाई देल्ला तं?"

"तं बैलाइचा लिलाव. तोवर तू बी बस अंदर." त्यानं दुधरामला आत लोटलं आणि फाटकाला कुलूप घातलं.

आत ते मास्तरच बसले होते. हिरालाल मास्तर. सरकारी शाळा सोडून गवत कापायला गेलेले. सोबत टोलीवरचा खुशाल. दोघांना दुपारी विळ्यासकट धरलं होतं; सकाळी लॉरी येऊन गोंदियाला नेणार होती.

"या पाव्हणे!" खुशाल म्हणाला. "सरकारनं औंदाचा पोळा इथंच भरवला जी. तोरण तेवढं रायलं."

दुधरामला हसू आलं नाही. त्यानं कागदाचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. मास्तरांनी बैलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझा अंगठा लागला तर मला एका वर्षाऐवजी तीन वर्षांची कैद होईल. पण बैल गेले तर तुझी शेती गेली. मी तुला दे असंही म्हणत नाही, नको असंही म्हणत नाही."

असं बोलणं फार जड असतं बाप्पा. मास्तर रागावले असते तर दुधरामला सोपं गेलं असतं.

अंधार पडला. नाकेदार आपल्या खोलीत जाऊन झोपला. आत शेणाचा, मुताचा, ओल्या दगडाचा वास. पाय पसरायला जागा नाही. दुधराम भिंतीला टेकून बसला. बैल कुठंतरी अंधारात फुसफुसत होते.

"मास्तर, गोष्ट तं सांगा," खुशाल म्हणाला. "रात सरन."

"सांगतो. समुद्रापल्याड अमेरिका म्हणून मुलूख आहे. तिथंही याच इंग्रजाचं राज्य होतं. आणि तिथले लोकसुद्धा गोरे, त्याचेच भाऊबंद."

"भाऊबंदाइले बी लुटे?"

"भाऊबंदांनाच आधी लुटतात, खुशाल. राजानं चहावर कर बसवला. लोक म्हणाले, आम्हाला न विचारता कर कसला? एका रात्री तोंडं रंगवून जहाजावर चढले आणि चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या."

"चहा फेकला? आमी तं पेलाच नाई कधी!"

"राजानं त्यांचं बंदर बंद केलं. गावच कोंडलं म्हण. मग शेतकऱ्यांनी बंदुका उचलल्या. हरले, पळाले, पुन्हा उभे राहिले. एका हिवाळ्यात पायात जोडे नव्हते, बर्फावर रक्ताची पावलं उमटली. पण घरी गेले नाहीत."

"मंग?"

"मग फ्रान्सचा राजा मदतीला आला. इंग्रजांचा सेनापती समुद्राकाठी सापडला. पाठीशी फ्रान्सची जहाजं, समोर हे शेतकरी. कोंडला गेला. शेवटी त्यानं हत्यार खाली ठेवलं."

"मंग... फाटक कोणी उघडलं?"

"कसलं फाटक? ती लढाई होती. इंग्रजाला राज्य सोडावं लागलं."

टिनावर पाणी टपटपत होतं.

"अन् ज्यायनं आधीच राजाले अंगठा देल्ला होता... त्यायचं काय झालं?"

मास्तर म्हणाले, "ते राजाचे म्हणून राहिले. लढाई संपल्यावर बऱ्याच जणांना घरदार सोडून जावं लागलं. ना इकडचे, ना तिकडचे."

"...म्हंजे अंदरच रायले."

दुधरामला ते झोंबलं. "खुशाल, टोमणे मारतेस का गा मले?"

उत्तर नाही.

"खुशाल!"

"अं?" खुशाल दचकून जागा झाला. अगदी दुधरामच्या मांडीजवळ. "काय झालं? चहा फेकला, मंग माहा डोळा लागला."

आवाज कोपऱ्यातून आला होता.

मास्तर हळूच म्हणाले, "कोण आहे तिकडे?"

काही नाही. फक्त टपटप.

दुधराम घामेजला. तेवढ्यात त्याच्या डाव्या हाताला जीभ लागली. खरबरीत. ओली. बैलाची. त्याला केवढा धीर आला! बांड्याला लहानपणापासून हात चाटायची सवय. "चाट रे बाबा," तो पुटपुटला. जीभ बोटं सोडून अंगठ्यावर आली. अंगठाच चाटू लागली. मीठ चाटावं तशी. एकसारखी. गार... फार गार होती.

"बांड्या, पुरे ना."

थांबेना.

"मास्तर, काडी ओढा."

"शेवटचीच आहे."

"ओढा."

काडी पेटली. बांड्या आणि कैऱ्या फाटकापाशी उभे होते. पार तिकडच्या टोकाला. एकमेकांना घट्ट चिकटलेले. कान ताठ. दुधरामच्या मागच्या कोपऱ्याकडे बघत.

काडी विझली.

जीभ अजून चाटत होती.

त्यानं हात ओढायला पाहिलं. निघेना. ओरडायला पाहिलं. आवाज निघेना. कानाशी अगदी हळू...

"म्या... देल्ला होता... बैल घरी गेले... मी..."

पुढं काही नाही. कोंबडा आरवेपर्यंत काही नाही.

उजाडलं. कोपरा रिकामा होता. रुख्मा हळदीची वाटी घेऊन फाटकाबाहेर उभी. रातभर वाट पाहून डोळे लाल. नाकेदार कागद आणि शाई घेऊन आला.

दुधरामनं बैलांकडे पाहिलं. रुख्माकडे पाहिलं. मास्तरांकडे त्याला पाहवलं नाही. त्यानं गजांतून डावा हात बाहेर काढला. होय, दिला त्यानं. खोटं कशाला सांगू?

नाकेदारानं अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. नुसता काळा डाग. पुसून पुन्हा दाबला. डागच. त्यानं अंगठा उजेडाकडे वळवला आणि पटकन हात सोडला. अंगठ्यावर एकही रेघ नव्हती. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.

"हे काय बे? उजवा दे, उजवा!"

दुधराम त्या अंगठ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं उजव्या हाताची मूठ आवळली.

"नाई देत."

"बैल जातीन तुहे!"

"जाऊ द्या. हा बी गेला तं मी कायचा रायलो?"

रुख्मा पुढं आली. गजांतून हात घालून तिनं बांड्याच्या खांद्याला हळद लावली, कैऱ्याच्या लावली. काल राहून गेलेलं आवतन तिथंच दिलं, रीतीप्रमाणे, नावं न घेता. "आवतन घ्या, जेवाले या."

लॉरी तिघांना घेऊन गेली. बैल कुलपातच राहिले.

त्या सांजेला पोळा फुटल्याचा, बैल घरोघर जेवायला निघाल्याचा, डफ गावात वाजला. रुख्मानं अंगण शेणानं सारवलं. बैल येणार नव्हते, तरी आवतन दिलं म्हणून अंगणातच पत्रावळीवर पुरणपोळी वाढली, दार लावून घेतलं आणि रडत पडून राहिली.

पहाटे दार उघडलं. पत्रावळ चाटून लख्ख.

ओल्या सारवणावर खूर एकही नव्हता. तळवे होते. दोन तळवे, दोन गुडघे, दोन तळवे, दोन गुडघे... माणूस रांगत आल्यासारखे. अंगणाच्या फाटकापासून पत्रावळीपर्यंत. पत्रावळीपासून तिच्या उंबऱ्यापर्यंत.

परत गेल्याचे नव्हते.