तिसरा की चौथा?

"अहो, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?" जिन्यातच मी त्याची बाही धरली. शेजारच्या ऑफिसातलं काम उरकून तो निघाला होता.

"प्रिंटरवाला. पण बाही सोडलीत तर कॉम्प्युटरही बघतो."

सोडली. आधी लाजले, मग रडकुंडीला आले. आमच्या क्लाससाठी मी लिहिलेलं चिनीचं पहिलं पुस्तक संध्याकाळी छापखान्यात जायचं होतं आणि पिनयिनवर, म्हणजे रोमन अक्षरांतल्या चिनीवर, सुरांच्या खुणांऐवजी नुसते चौकोन उमटत होते. चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. असं पुस्तक निघालं असतं तर क्लासच्या बाईंनी मला नारळच दिला असता.

क्लासमध्ये येऊन त्याने कॉम्प्युटरवर पिनयिनचा कीबोर्ड टाकला, फॉन्ट बदलला. "आधी अक्षरं, मग आकडा. एक ते चार, जो सूर असेल तो. करून बघा."

तो शेजारी वाकला. त्याच्या बोटांना शाई लागली होती आणि माझं लक्ष... तिकडेच. मी पहिल्या धड्यातली पहिली ओळ टाइप केली. 'वो शियांग वन नी', मला तुम्हाला विचारायचंय. 'वन'ला चार दाबायचा होता. मी दाबला तीन.

मी जीभ चावली.

"आली की खूण! मग चेहरा का पडला?"

"काही नाही..."

दुरुस्त करायला गेले असते तर त्याने कारण विचारलं असतं. म्हटलं, हा गेला की करू. मग तो माझ्या कागदावरचे आकडे वाचत गेला, मी दाबत गेले, आणि ती ओळ साफ विसरले.

फाइल छापखान्यात गेली. त्याने बॅग खांद्याला लावली... आणि मला आठवलं.

"थांबा! छापखान्यात फोन लावा, पहिलीच ओळ चुकलीय!"

फोन त्यानेच लावला. छापखान्यातले काका म्हणाले, मशीन सुरू व्हायचंय, पटकन पाठवा.

"काय चुकलंय?"

"तिसरा सूर पडलाय. चौथा हवा."

"एवढ्यासाठी रडताय? तिसऱ्याने असा काय अर्थ होतो?"

"मला..." मी कीबोर्डकडे बघितलं. "मला तुमचा मुका घ्यायचाय."

त्याचे कान लाल झाले. "पहिल्याच धड्यात? फारच पुढे आहे तुमचा क्लास."

मी चार दाबला, फाइल पुन्हा पाठवली. काकांचा 'मिळाली' असा निरोप आला तेव्हा कुठे श्वास घेतला. तेवढ्यात तो पुढे झाला, कोरं पान उघडलं आणि एका बोटाने काहीतरी टाइप करून सरळ दाराशी जाऊन उभा राहिला.

'वो शियांग वन नी.' कर्सर 'वन'पाशी लुकलुकत होता. आकडा घातलेला नव्हता.

"मला सूर कळत नाहीत," तो दाराकडे बघतच म्हणाला. "तो... तुम्हीच घाला."

माझं बोट चारवर गेलं. चारमध्ये धोका नव्हता.

मी तीन दाबला.

"काय आलं? चौकोन?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आलंय. या ना... बघा."