कूपन दोघांचं होतं

दार लोटून घ्या रे जरा, वारा येतोय. आणि तो मोबाइल पालथा ठेव. तुला सहलीचं बक्षीस लागलं, आनंद आहे, माझी ना नाही. पण जायच्या आधी आमच्या रंगाऱ्याचं एकदा ऐकून ठेव. माणूस तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आपल्या हार्डवेअरच्या दुकानाची पाटी त्यानेच रंगवलीय.

तर रंगारी एक दिवस दुकानात आला, पांढऱ्या रंगाचा डबा न्यायला. तेव्हा डब्याबरोबर कंपनी स्पर्धेचं कूपन द्यायची. रंगावर एक ओळ लिहा, बक्षीस मिळवा. हा जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी रंगवणारा माणूस. म्हणाला, "शेठ, एक आपली पण होऊन जाऊ दे." आणि काउंटरवर उभ्या उभ्या लिहिली : 'भिंत तुमची, बोलणं रंगाचं.' मी हसलो. ते हसू मलाच गिळावं लागलं. पहिलं बक्षीस! डोंगरातल्या तळ्याकाठच्या हॉटेलात दोन रात्री, दोन माणसं, जाण्यायेण्यासकट.

रंगाऱ्याची बायको, आपल्या वहिनी, म्हणाल्या, "मला घाटात गाडी लागते. फुकटात ओकायला कशाला येऊ? त्या वायरमनला न्या."

वायरमन म्हणजे रंगाऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त. कामंही एकाच इमारतीत घ्यायचे. याने भिंत रंगवली की तो ती वायरीसाठी फोडायचा. रोज भांडण. पण एकाला सोडून दुसऱ्याच्या घशाखाली चहा उतरत नसे.

निघाले. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार.

पहिली माशी शिंकली बसमध्येच. कंपनीने एसी बस कबूल केली होती. आली ती अशी, की एक खिडकी बंद केली की दुसरी उघडायची. वायरमनने शाल डोक्यावरून घेतली आणि तोंड सुरू केलं. "हेच तुझं पहिलं बक्षीस? दुसऱ्याला काय, बैलगाडी?" रंगारी गप्प. आयुष्यात पहिल्यांदा काही जिंकला होता बिचारा. त्याला ते नासू द्यायचं नव्हतं.

फाट्यावर उतरले. बस धूळ उडवत गेली. मग रंगारी म्हणाला, "बॅग दे."

"बॅग तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे कुठाय? तू आधी उतरलास ना!"

"म्हणून तर तू घ्यायची! मागून उतरणारा घेतो."

दोघांचे कपडे, स्वेटर, दाढीचं सामान, सगळं एका बॅगेत. बॅग गेली पुढच्या गावाला. कंपनीची गाडी न्यायला येणार होती, ती उभी दुसऱ्याच फाट्यावर. फोन केला की कंपनीची बाई सांगायची, "गाडी पाच मिनिटांत पोचते सर." अंधार पडला तरी पाच मिनिटं संपेनात. वायरमन दगडावर बसून एकेक वाक्य सोडत होता, रंगारी ते झेलत होता. शेवटी त्यालाही राहवेना. म्हणाला, "तुला आणलं हीच चूक झाली."

वायरमन म्हणाला, "मग एकटा यायचंस."

त्यानंतर दोघं बोललेच नाहीत.

गाडी आली. ड्रायव्हर वयस्क, चांगला माणूस. हात जोडून माफी मागितली. पण नशीबच फुटकं असलं की काय करणार? घाट चढून वर आले आणि बॉनेटमधून खट्कन आवाज. बेल्ट तुटला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मेकॅनिकला फोन लागलाय, तो खालून बेल्ट घेऊन येतो. पण वेळ जाईल. हॉटेल काही लांब नाही. सरळ रस्ता आहे, चालत गेलात तर आधी पोचाल."

रात्रीचे दहा वाजून गेले होते. चालायला लागले.

आता नीट ऐका. हे मला रंगाऱ्याने सांगितलं, आणि वायरमननेही सांगितलं. वेगवेगळं, वेगवेगळ्या दिवशी. कुठल्याच गोष्टीवर दोघांचं कधी जमलं नाही. यावर जमतं.

रस्ता काळा कुळकुळीत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. मोबाइलच्या उजेडात पुढचं पाऊल तेवढं दिसतं. रंगारी पुढे, वायरमन मागे. दोघं फुगलेले. एक वळण गेलं, आणि मागून पावलं ऐकू यायला लागली.

बुटांची पावलं. दमलेली. पाय ओढत चालल्यासारखी.

वायरमनला वाटलं, ड्रायव्हर. गाडीपाशी एकटा बसायला भ्यायला असेल, आला मागोमाग. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. इतका वैतागला होता, की सगळा राग त्या पावलांवर काढला. ओरडला, "अहो, येताय तर नीट या की! असे मागे मागे काय रेंगाळताय? चला आमच्याबरोबर!"

पावलं थांबली.

मग मागून आवाज आला. "आलो..."

तेवढंच. आणि पावलं जवळ आली.

"मग काका?"

मग काय. चालत राहिले तिघं. म्हणजे त्यांना वाटलं तिघं. ठीक आहे ना, ड्रायव्हर आहे. हॉटेलचे दिवे दिसले. फाटकापाशी वायरमनच्या बुटात खडा गेला म्हणून तो वाकला, रंगारी थांबला. तेवढ्यात मागचा माणूस बाजूने पुढे निघून गेला. वायरमन म्हणाला, "बघ, आता कशी घाई सुटली ड्रायव्हरला! चहाचा वास आला असेल." दिवसभरात तेवढंच एक वाक्य, ज्याला रंगारी जरासा हसला.

आत गेले. काउंटरवर मॅनेजर. चष्मा कपाळावर, नजर कूपनवर. म्हणाला, "साहेब, कूपन दोघांचं आहे."

"मग? दोघंच आहोत."

"तिघं आहात. तिसऱ्या माणसाचे वेगळे पैसे पडतील. मी आधी सांगितलेलं बरं, सकाळी वाद नको."

रंगाऱ्याचा बांध फुटला. दिवसभर गिळलेलं सगळं त्या मॅनेजरवर आलं. बस, बॅग, फाटा, बेल्ट, सगळं. "अहो, तो ड्रायव्हर आहे! कंपनीचा! तो इथे राहणार नाही!"

मॅनेजर शांत. हॉटेलवाल्यांना सवय असते ओरडण्याची. म्हणाला, "राहणार नाहीत तर खोलीची चावी घेऊन वर का गेले?"

"वर गेले?"

"आत्ताच. त्यांनी तुमचं नाव सांगितलं, बक्षिसाचं सांगितलं. म्हणाले, दोघं मागून येतायत. चांगला माणूस वाटला. दमले होते फार. म्हणाले, 'काय सांगू, आज निघाल्यापासून एकही गोष्ट धड झाली नाही. पण पोचलो एकदाचा.' त्यांच्या हातात बॅग तरी होती, साहेब. तुमच्याकडे तर तीही नाही."

वायरमन म्हणाला, "ड्रायव्हरकडे बॅग कुठून आली?"

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. गाडी फाटकातून आत आली. मागे मेकॅनिकची मोटरसायकल. ड्रायव्हर उतरला, हात पुसत काउंटरपाशी आला. "पोचलात ना नीट? मला काळजी होती. गाडी सोडून येता येईना..."

रंगारी त्याच्याकडे बघत राहिला.

वायरमन म्हणाला, "तुम्ही... आमच्या मागून चालत नव्हतात?"

"मी? मी गाडीपाशी होतो. विचारा याला."

मेकॅनिकने मान हलवली.

मॅनेजर उठला. चष्मा डोळ्यांवर घेतला. आता त्याचा आवाज बदलला. भीती नव्हे, चोराची शंका. दुसरी चावी घेतली. चौघं वर गेले. मॅनेजर, रंगारी, वायरमन, ड्रायव्हर. लांब व्हरांडा. शेवटची खोली, तळ्याकडची. दाराखालून उजेड येत होता.

चावी फिरवली. दार हलेना. आतून कडी.

मॅनेजरने ठोठावलं. "कोण आहे आत?"

काही नाही.

वायरमन पुढे झाला. भीती वाटली की हा जास्तच भांडतो. दारावर मूठ आपटून म्हणाला, "ओ! ही खोली आमची आहे! उघडा!"

आतून पलंग करकरला.

आणि आवाज आला. तोच. रस्त्यावरचा. हळू, थकलेला. चिडलेलाही नाही. आपल्यापैकीच कुणी बोलावं तसा.

"आत्ताच टेकलोय हो..."



मग... आतली कडी निघाली. आवाज स्पष्ट आला. खट्.

दार उघडलं नाही. मॅनेजरने बोटाने ढकललं.

दिवा चालू. खिडकी आतून बंद. न्हाणीघराचं दार सताड उघडं, आत कुणी नाही. बॅग नाही. चावी नाही. दोन पलंग. एकावरची चादर इस्त्री केल्यासारखी. दुसऱ्यावर...

दुसऱ्यावर खळगा होता. माणूस उताणा पडला की गादीत होतो तसा. डोकं, पाठ, टाचा.

सगळे बघत होते.

खळगा भरून यायला लागला. हळू. आधी डोक्याकडचा. मग पाठीचा.

मग पलंगाची कड दबली. उठताना माणूस क्षणभर कडेवर बसतो ना... तशी.

आणि कडही वर आली.

रंगारी म्हणतो, मला पळायचं होतं, पण चौघंही दारातच उभे. आतून बाहेर यायला वाट तेवढीच. वायरमनच्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. थंड. वाट मागताना माणूस अंग चोरून जातो, तसं. आणि त्यांच्या पाठीमागे, व्हरांड्यात, कुणीतरी म्हणालं,

"राहू द्या... तुम्हीच घ्या."

पावलं जिन्याकडे गेली. पाय ओढत.

"कोण होता तो, काका?"

मला काय विचारतोस बाळा? मॅनेजरने दुसऱ्या दिवशी चौकशी केली. खालच्या वस्तीत विचारलं, पोलिसांना विचारलं. त्या वळणावर अपघात नाही, खून नाही, कुणी हरवल्याची तक्रार नाही. कुणालाच काही ठाऊक नाही. असता एखादा किस्सा, तर बरं झालं असतं. निदान नाव तरी कळलं असतं.

त्या खोलीत कोण झोपणार? मॅनेजर म्हणाला, दुसरी खोली रिकामी नाही. तिघांनी रात्र गाडीत काढली. काचा वर, दारं लॉक. ड्रायव्हर आणि वायरमन पुढे, रंगारी मागे, एकटा. बोलणं नाही. मध्यरात्री कधीतरी वायरमनने आपली शाल काढून मागे दिली. रंगाऱ्याने घेतली. तिथे त्यांचं भांडण मिटलं. उजाडल्या उजाडल्या ड्रायव्हरने फाट्यावर सोडलं, पहिल्या बसने घरी आले. बक्षिसाची दुसरी रात्र तशीच राहिली. वहिनी म्हणाल्या, "एवढ्यात?" रंगारी म्हणाला, "गाडी लागली."

वायरमन आता पूर्वीसारखाच भांडतो. फक्त मागे वळून बघितल्याशिवाय कुणाला 'या' म्हणत नाही. तुम्ही कधी त्याच्या मागून जिना चढलात तर कळेल.

एक गोष्ट मात्र वायरमनला माहीत नाही. रंगाऱ्याने ती मला एकट्याला सांगितली, दुकान बंद करताना. तुम्हीही त्याच्यापाशी काढू नका.

गाडीत पहाटे रंगाऱ्याला जाग आली. पुढे दोघं घोरत होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत तीन माणसांचा श्वास, त्यामुळे सगळ्या काचांवर वाफ धरलेली. दुधासारखी. पुढची काच, मागची, त्याच्या बाजूची.

पलीकडच्या सीटवर कोणी नव्हतं. त्या बाजूच्या काचेवर...

एक गोल पुसलेला होता. आतून. हाताने पुसतो तसा. बसलेल्या माणसाचा चेहरा येईल, तेवढ्याच उंचीवर.

कडेचं पाणी अजून ओघळत होतं.

आणि त्या गोलातून तळं दिसत होतं.