शिट्टी थांबेपर्यंत

स्पिलर्स टिकल गावात दार वाजवून घरात शिरतो तो एकतर परका, नाहीतर पोलीस. लिअँडर बजल घरं गरम ठेवणाऱ्या तेलाच्या टाक्या तपासायचा परवाना खिशात घेऊन सगळ्या किनाऱ्यावर फिरायचा, पण एफी मावशीचं दार वाजवायची त्याची टाप नव्हती. तो सरळ मागच्या दाराने आत आला, बूट काढले आणि ओरडला, "आहेस का गं जिवंत?"

"तुझ्या आधी मरत नाही," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली. "पाय पूस. चहा ठेवलाय."

चहा म्हणजे काळा कडक, वर डब्यातलं दूध, सोबत काकवीचा पाव. नोव्हेंबर लागला होता. न्यूफाउंडलंडच्या त्या बाजूला नोव्हेंबर लागला की बायका एकमेकींची तब्येत विचारायच्या आधी टाकीत तेल किती उरलंय ते विचारतात. एफी मावशीच्या टाकीत तळाला चार बोटं तेल होतं. टाकी पास असल्याच्या बिल्ल्याची मुदत उन्हाळ्यातच संपली होती, आणि बिल्ला नसलेल्या टाकीत तेलवाले थेंब ओतत नाहीत. उद्या टाकी फुटली आणि तेल विहिरीत उतरलं, तर निस्तरायचं कुणी? म्हातारी दोन स्वेटर घालून, स्वयंपाकघरातला लोखंडी स्टोव्ह अगदी बारीक ठेवून दिवस ढकलत होती.

खरी गोम पुढेच होती. तिची मुलगी मार्जरी गँडर शहरात राहायची, आणि टाकी नापास व्हायची वाटच बघत होती. झाली की आईला तिथल्या वृद्धाश्रमात हलवायचं. खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

"त्या खोलीतून समुद्र दिसत नाही रे," मावशी म्हणाली. "मोटारी लावायची जागा दिसते. मी तिथे एक हिवाळा काढणार नाही, लिअँडर. बिल्ला लाव आणि मला सोडव."

"आधी टाकी बघू दे. मावशी आहेस म्हणून सूट नाही मिळायची."

"तुझे लंगोट धुतले तेव्हा मला कुणी परवाना विचारला नव्हता."

लिअँडर हसला. त्याची आई लवकर गेली, तेव्हापासून या बाईनेच त्याला वाढवलं होतं. टाकी बरी निघावी असं त्यालाही मनापासून वाटत होतं, पण ते तो बोलून दाखवणार नव्हता.

टाकी मागच्या पडवीत होती, चार लोखंडी पायांवर, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. भिंतीतून तांब्याची एक बारीक नळी पलीकडच्या स्टोव्हला जात होती. त्याने कागदी रुमालाने टाकीचा पोटाखालचा जोड टोकापासून टोकापर्यंत पुसला आणि कागद उजेडात धरला. कोरडा होता. पाय सरळ होते, गाळणी स्वच्छ होती, नळीच्या सांध्यांना ओल नव्हती. पत्र्याची जाडी मोजायचं छोटं यंत्र तळाला लावलं, तर आकडा नव्या टाकीला शोभावा असा आला. बोटांच्या पेरांनी त्याने टाकी वरून खालपर्यंत वाजवली. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि अगदी तळाशी जरा बद्द. म्हणजे चार बोटं तेल. मावशीचा हिशेब बरोबर होता.

"पास आहेस," त्याने आत येऊन सांगितलं. "बिल्ला गाडीत आहे, आणतो."

मावशीचा चेहरा खुलला नाही. तिने कप बशीत ठेवला.

"ती वाजते त्याचं काय?"

"काय वाजतं?"

"शिट्टी. रोज वाजते, दुपारी."

लिअँडरने तिला समजावून सांगितलं, खरं तर तिला ते ठाऊकच होतं. टाकीला दोन नळ असतात, दोन्हींची तोंडं घराबाहेर. एकातून तेल आत जातं, दुसऱ्यातून आतली हवा बाहेर पडते, आणि त्या हवेच्या वाटेवर शिट्टी बसवलेली असते. तेल येतंय तोवर हवा बाहेर जाते आणि शिट्टी वाजते. टाकी भरली की थांबते. तेलवाला बाहेर उभा राहून शिट्टीवर कान ठेवून ओततो, आणि ती थांबली की हात आवरतो. नुसती टाकी शिट्टी घालत नाही. काहीतरी आत आल्याशिवाय हवा बाहेर जात नाही.

"वारा असेल," तो म्हणाला.

"सत्तर वर्षं वारा ऐकतेय मी. आणि आज कुठाय वारा?"

ते मात्र खरं होतं. खिडकीबाहेर पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत होतं. धक्क्यावरच्या दोऱ्यासुद्धा हलत नव्हत्या.

"मार्जरीला सांगितलंस?"

"म्हणजे तिला बरंच. आई भ्रमिष्ट झाली म्हणायला मोकळी."

आणि तेवढ्यात ती वाजली.

आवाज लहान होता, खालच्या पट्टीतला आणि एकसारखा. लिअँडरने असा आवाज आयुष्यात हजारो वेळा ऐकला होता, आणि दरवेळी बाहेर तेलाची गाडी उभी असायची. तो मोज्यांवरच बाहेर धावला. घरामागे कुणी नव्हतं. तेल ओतायच्या नळाचं झाकण घट्ट बसलेलं होतं, त्यावर कोळ्याचं जाळंही शाबूत होतं. शेजारच्या नळातून मात्र हवा येत होती. त्याने तळवा धरला. हवा कमी-जास्त होत नव्हती, थांबत नव्हती, सावकाश आणि सारखी तळव्यावर दाबत होती. तिला रॉकेलचा वास नव्हता. खूप दिवस बंद असलेल्या खोलीचा वास होता.

तो पडवीत गेला, कारण मोजल्याशिवाय काही बोलायचं नाही ही त्याची सवय होती.

टाकीच्या डोक्यावर काचेच्या बोटभर नळीत एक लाल गोळी असते. आत तेल वाढलं की ती वर येते. मघाशी ती तळाला होती. आता ती मधोमध होती, आणि तो बघत असताना आणखी वर आली.

त्याने टाकीच्या माथ्यावरचं मापाचं बूच उघडलं आणि तेल मोजायची काठी आत सोडली. काठी तळाला टेकली की टणक आवाज येतो. या वेळी ती अर्ध्यातच थांबली. कशावर तरी टेकली होती, आणि जिच्यावर टेकली ती वस्तू मऊ होती. त्याने जरा दाबलं. खालून तेवढ्याच जोराने काठी परत वर आली.

त्याने ती ओढून काढली. काठी कोरडी होती. चार बोटं तेलाची खूणसुद्धा तिच्यावर नव्हती. टोकाला हात लावला तर ते कोमट होतं.

बूच घट्ट लावून तो स्वयंपाकघरात आला आणि खुंटीवरचा तिचा कोट तिच्यापुढे धरला.

"मावशी, कोट घाल. माझ्या घरी चल."

"का?"

"टाकीत काहीतरी आहे."

"काय आहे?"

"मला माहीत नाही," लिअँडर म्हणाला. हे वाक्य त्याने कामावर असताना कधी उच्चारलं नव्हतं. "तेल नाही. पाणी नाही. पण भरत चाललंय."

भिंतीपलीकडे शिट्टी वाजतच होती.

"आज मी या दारातून बाहेर पडले," मावशी म्हणाली, "की मार्जरी मला परत येऊ देणार नाही. ते तुलाही माहीत आहे. मला भीती वाटत नाही असं नाही, बाळा. रात्री मी कानात कापूस घालून झोपते. पण माझं घर आहे हे. त्या टाकीचं तोंड बंद कर, बिल्ला लाव, आणि जा."

ती काही हलणार नव्हती. लिअँडर तिला ओळखून होता. आणि शिट्टी सहन होत नव्हती. त्याचं डोकं एकच हिशेब मांडत राहिलं: हवा बाहेर गेली तरच काही आत येईल. हवा अडवली, तर आत येणारंही अडेल. हिशेबात चूक नव्हती. हवेचा नळ कधी बुजवायचा नाही, हे तो घरोघरी सांगत फिरायचा. पक्ष्यांनी घरटं केलं तरी लोकांना फैलावर घ्यायचा. त्या दिवशी त्याने स्वतः घरामागे जाऊन खिशातलं हात पुसायचं फडकं काढलं आणि बोटांनी ठासून, वर काडी दाबून, नळ बुजवला.

शिट्टी बंद झाली.

तो पळत पडवीत आला. लाल गोळी वरच्या टोकाच्या जरा खाली थांबली होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. ती हलली नाही. लिअँडर खाली बसला आणि त्याला चक्क हसू आलं. तेलवाल्यांना काय सांगायचं, नवी टाकी कुठून मिळवायची, मार्जरीला कसं गप्प करायचं, असे साधेसुधे विचार डोक्यात यायला लागले. नव्या टाकीचा खर्च आपण करू, असंही त्याने ठरवून टाकलं.

मग पत्रा टिकटिकला.

टाकीची बाजू किंचित फुगली, आणि परत बसली. पुन्हा फुगली. वाट शोधत असल्यासारखी ती टिकटिक एका कडेने सरकत गेली, खालच्या कोपऱ्यापर्यंत, जिथे तांब्याची नळी सुरू होते तिथपर्यंत. तिथे ती थांबली.

लाल गोळी खाली उतरायला लागली.

लिअँडर बघत राहिला. त्याला कळायला फार वेळ लागला, असं त्याला पुढे कायम वाटत राहिलं. जोड कोरडा होता. जमिनीवर थेंब नव्हता. टाकी रिकामी होत होती, आणि तिच्यातून बाहेर जायला एकच वाट उरली होती.

भिंतीच्या पलीकडे शिट्टी वाजायला लागली.

तो आत शिरला. स्टोव्ह विझला होता. मावशी स्टोव्हशेजारच्या तिच्या खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर होते. शिट्टी खोलीतच होती. तो खाली वाकला, स्टोव्हचं दार उघडलं, आवाज तिथे नव्हता.

त्याने वर पाहिलं.

मावशीचे ओठ किंचित उघडे होते. आवाज तिथून येत होता.

तीच खालची पट्टी, तसाच एकसारखा सूर. तो श्वास घेण्यासाठी तुटत नव्हता. तिची छाती वर-खाली होत नव्हती. हवा नुसती बाहेर येत होती. तिचे डोळे मात्र तिचेच होते. ते भेदरलेले होते, आणि त्याच्याकडे बघत होते.

"मावशी!"

तिने त्याची बाही घट्ट पकडली. बोलता येत नव्हतं.

त्याने तिला उचललं. ती हलकी होती, वाळक्या काटकीसारखी. घरामागून जाताना त्याने एका हाताने नळातलं फडकं उपटून फेकलं, आणि वेड्यासारखा कान लावला. नळ गप्प होता. आता तो उघडून उपयोग नव्हता.

त्याने तिला गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि गँडरच्या रस्त्याला लागला. मोठं हॉस्पिटल तिथेच होतं. गँडरचा रस्ता ओळखून तिने त्याची बाही जोरात ओढली, मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हॉस्पिटलात फक्त," तो म्हणाला. "शपथ घेतो. मार्जरीला कळवत नाही. परत घरी आणतो तुला."

शिट्टी वाजत होती. काचा बंद होत्या आणि बंद खोलीचा तो वास गाडीभर होता. दोन्ही बाजूंनी काळी झाडं मागे जात होती. शिट्टी थांबली की टाकी भरली, हे तो इतकी वर्षं लोकांना सांगत आला होता. आता ती थांबू नये म्हणून तो देवाची करुणा भाकत होता.

थांबू नको. थांबू नको.

तळ्याच्या वळणाशी सूर बारीक झाला.

मग थांबला.

लिअँडरने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्याच्याने शेजारी बघवेना. बाहीवरची पकड सुटली होती.

"मावशी?"

"हं," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, जरा भरलेला. तिने डोळे पुसले नाहीत. गालांवरचं पाणी तसंच होतं. "थांबलास कशाला, बाळा? गँडरला चल. मार्जरीकडे."

"तू तर नको म्हणत होतीस."

"बघू ती खोली," मावशी म्हणाली. "किती माणसं राहतात रे तिथे?"

त्याने इंजिन चालू केलं आणि गिअर टाकला. गाडी गुरगुरली, पण जागची हलली नाही. ती मावशीच्या बाजूला कलली होती, आणि त्या बाजूची चाकं खडीत अर्धी रुतली होती.