तिसरं यंत्र

कोंडाजीराव शेलार चोराच्या मागावर निघाले की हौशीराम आधी भाकरी बांधून घ्यायचा. चोर सापडो न सापडो, पोट उपाशी राहू नये, हे त्याचं धोरण. त्या दिवशी मात्र त्याची भाकरी लोणावळ्याला जाऊन तशीच मळवलीला परत आली.

कोंडाजीराव पोलिसातून निवृत्त झाल्यावर खाजगी तपास करू लागले होते, आणि हौशीराम त्यांचा बालमित्र. दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. श्रीपादरावांचं बोलावणं आलं, तसे दोघे मळवलीहून सकाळच्या गाडीने लोणावळ्याला गेले.

श्रीपादराव हे रेल्वेतले जुने तारमास्तर. सारा जन्म तारेची कटकट ऐकण्यात गेला आणि म्हातारपणी दोन्ही कान गेले. दोघे पोचले तेव्हा ते मागच्या सोप्यात खुर्ची टाकून बसले होते. समोर त्यांच्या पत्नी मुक्ताबाई जातं ओढत होत्या. दगडाची घरघर चालू होती, बाईंचे ओठ हलत होते. म्हातारी मनातल्या मनात जप करत असावी, असं समजून हौशीरामने लांबूनच हात जोडले.

"माझ्या तोंडासमोर येऊन बोला, ओठांवरून मला सगळं कळतं," श्रीपादराव मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी हकिगत सांगितली. मुंबईच्या एका दुकानदाराने पारखून घेण्यासाठी तीन कानयंत्रं घरी आणली होती. त्यांतलं तिसरं त्यांनी पसंत केलं, रात्री उशाशी ठेवलं, आणि काल पहाटे बघतात तर कानात घालायची गोटी वायरसकट नाहीशी. गळ्यात अडकवायची डबी आणि बॅटरी जागच्या जागी होत्या. उजाडायच्या आधी खोली झाडायला गडी गेणू तेवढा आत गेला होता. दुकानदार म्हणत होता, गोटी मिळाली नाही तर गेणूला चौकीवर नेतो.

"मला गोटी हवी आहे, शेलार. हिच्या ओव्या ऐकून किती वर्षं झाली. नुसते ओठ बघत दिवस काढतोय. मरायच्या आधी एकदा ऐकायच्या आहेत."

हौशीरामला भरून आलं. गेणूचा रागही आला.

गेणू ओट्याच्या कडेला भेदरून बसला होता. "सायेब, त्या गोटीचं म्या काय करू?" तो म्हणाला. "माजं कान चांगलं हायेत. आन इकायचीच असती तर डबी सोडून आलो असतो व्हय?"

हौशीरामला हे साळसूद बोलणं वाटलं. कोंडाजीरावांनी मात्र मान डोलावली आणि गोटी मिळेपर्यंत घरातच थांबलेल्या दुकानदाराला गाठलं. यंत्रं कशी पारखली, एवढंच त्यांनी विचारलं.

दुकानदार जाणकार होता. यंत्र घेताना दुकानात बसून भुलू नये, ज्यांच्याशी रोज बोलायचं त्या घरच्यांचे आवाज ऐकून बघावेत, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. इथेही त्याने एक पाट मांडला. आळीपाळीने एकेकाने त्यावर बसून हळू बोलायचं, दुकानदाराने डबीवरची खुंटी पिळत आवाज जुळवायचा आणि श्रीपादरावांनी डोळे मिटून ऐकायचं. पहिल्या यंत्रात सूनबाईंचा आवाज आला, गेणूचा तर खणखणीत आला. मुक्ताबाईंचा तेवढा आला नाही, म्हणून ते नापसंत झालं. दुसऱ्यातही तसंच. तिसरं सगळ्यांत जोरकस, पण त्याच्या वेळी मुक्ताबाई दूध उतू जाईल म्हणून उठून आत गेल्या. श्रीपादराव म्हणाले, हरकत नाही, उद्या पहाटे जात्यापाशी बसूनच ऐकतो.

"बायकांचा आवाज बारीक असतो साहेब, त्याला यंत्र तरी काय करणार," दुकानदार म्हणाला. हौशीरामला ते पटलं.

मग मुक्ताबाईंची पाळी आली. कोंडाजीराव विचारीत गेले, त्या मान हलवून, हातांनी खुणा करून उत्तर देत गेल्या, आणि जवळ बसलेली सून सुनेत्रा त्या खुणा शब्दांत सांगत गेली. बहिऱ्याच्या घरात सगळ्यांनाच हातवाऱ्यांची सवय लागते, हौशीरामने मनाशी म्हटलं. त्यातून जुन्या वळणाची बाई, परपुरुषापुढे कशाला तोंड उघडेल?

कोंडाजीराव उठले. श्रीपादराव दारातून बघत होते, त्यांच्याकडे पाठ करून ते उभे राहिले आणि हलक्या आवाजात बोलू लागले.

"विकणारा चोर सगळं यंत्र उचलतो. इथे नुसती गोटी गेली. म्हणजे कोणाला यंत्र हवं होतं असं नाही, ते चालायला नको होतं. तेही ओव्या ऐकायच्या पहाटेच. एकाच पाटावरून सुनेचा आवाज पोचतो आणि सासूचा पोचत नाही. सूनही बाईच की. मग खोट यंत्रात कशी असेल?" ते मित्राकडे वळले. "हौशीराम, तुझी आई जात्यावर गप्प बसायची का?"

"गप? वड्यापल्याड ऐकू जायचं."

"मग आज इथे काय ऐकलंस?"

"दगुड," हौशीराम म्हणाला. "निस्ता दगुड."

सासऱ्यांना ओठ दिसू नयेत म्हणून सुनेत्राने पदर तोंडाशी धरला. दसऱ्यापासून सासूबाईंच्या घशातून शब्द फुटत नाही, डॉक्टरांनी हात टेकले, असं तिने सांगितलं. "मामंजी ओठ वाचतात, त्यामुळे त्यांना कळलं नाही. ओठ हलले की ह्या गातायत, असंच ते समजतात. त्यांना सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. पण गेणूवर येईल, हे आमच्या कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं."

मुक्ताबाईंनी डोळे पुसले. तांदळाच्या डब्यात हात घालून गोटी काढली आणि कोणाकडे न बघता स्वतःच नेऊन नवऱ्याच्या हातावर ठेवली.

ती कुठे सापडली, हे श्रीपादरावांनी विचारलं नाही. घाईने डबी गळ्यात अडकवली, गोटी कानात बसवली, खुंटी पिळली. "म्हण," ते म्हणाले.

मुक्ताबाई जात्याशी बसल्या. दगड फिरला, ओठ हलू लागले. तेवढ्यात घाट चढून येणाऱ्या गाडीची शिटी वाजली आणि श्रीपादरावांची मान झटकन खिडकीकडे वळली. हौशीरामने ते पाहिलं. यंत्र चालत होतं.

मग ते पुन्हा बायकोकडे वळले. कितीतरी वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी गोटी काढून दुकानदारापुढे धरली.

"हेही तसलंच निघालं. काही ऐकू येत नाही. परत घेऊन जा."

दुकानदार काही बोलणार होता. हौशीरामने त्याचा हात घट्ट दाबला.

श्रीपादरावांनी पाट ओढला आणि जात्यापलीकडे, बायकोच्या अगदी समोर बसले. खुंट्यावरच्या तिच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

"मला असंच बरं कळतं," ते म्हणाले. "तू म्हण. मी बघतो."

मुक्ताबाईंनी ओवी पहिल्यापासून धरली.