वच्छलाबाईचं दार कुणी ओढलं?

"दार तूच ओढलंस. शेवटी तू बाहेर पडलीस!"

"मी नुसतं लोटलं व्हतं. आईंची शपथ!"

"तिचं नाव घेऊ नको. नऊ दिवस तिला घराबाहेर ठेवलंस तू."

जिन्यात हे असं चाललेलं. पोरींनो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या समोरच्याच दारात घडली. उस्मानपुरा, तिसरा मजला, गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या, रात्रीचे साडेअकरा. भांडत होते सुदर्शन आणि त्याची बायको सोनिया. सुदर्शनची आई वच्छलाबाई याच घरात गेली. अग्नी पाचोडला, शेतात दिला. दिवसही तिकडंच घातले. उद्या दहावा, म्हणून आईचा फोटो न्यायला दोघं आले होते.

आमच्यात माणूस गेलेल्या घराला दहाव्यापर्यंत कुलूप घालत नाहीत. दार लोटून ठेवायचं. जीव येतो, जातो. पण आताच्या दारांना ते लॅच. जरा ओढलं की बसलंच. आणि या शहाण्यांच्या दोन्ही चाव्या आत!

"मुद्दाम केलंस," सुदर्शन म्हणाला. "जिवंतपणी तुला ती नको होती. मेल्यावर तरी..."

मी म्हटलं, "सुदर्शन, जीभ आवर. बायको आहे तुझी."

"तुमची तर नजर असती ना मावशी आमच्या दारावर? तुम्हीच तर नाही ना..."

"माझ्यावर संशय? तोंड तिखट आहे माझं, हात नाही. आजच आले मी लेकीकडून."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शकीला जास्तीची चावी घेऊन आली. वच्छलाबाईनंच ती तिच्याकडं ठेवायला दिली होती. सुदर्शननं तिच्याकडंही तसंच बघितलं.

"मेरेकू मत देखो भाई. चाबी खुंटीवरच व्हती, हात बी नै लावला."

सुदर्शननं चावी फिरवली. लॅच उघडलं. सगळ्यांनी ऐकलं.

दार ढकललं.

खाली हललं. वर नाही.

पुन्हा ढकललं. तसंच. लाकूड फुगलं म्हणावं, तर पाऊस सरून दोन महिने झालेले. मागं दुसरं दार नाही. गॅलरीला जाळी.

"काय करून ठेवलंस अजून?" तो बायकोवर ओरडला. "बोल ना!"

त्याला बाजूला सारून सोनियानं मोबाईलचा उजेड फटीत धरला. टाचा उंचावल्या. वर बघितलं...

शकीला काहीतरी पुटपुटत होती. तिनंही मान वर केली.

सोनियानं उजेड खाली घेतला. हळूच म्हणाली,

"अहो, आईंना मी बाहेर ठेवलं म्हणता ना... मग आतून कडी कुणी घातली?"